जुन्या दारांशेजारी नवे दार: लाकडाचा रंग जुळत का नाही, आणि तो जुळवायचा कसा?

आमच्या घरातली चार सागवानी दारे १९८६ सालची आहेत. गेल्या वर्षी आतल्या खोलीला पाचवे दार करावे लागले. लाकूड सागाचेच घेतले, नक्षी आणि मापे जुन्या दारांवरून काढली, आणि पॉलिश झाले की पाचही दारे एकसारखी दिसतील असे पॉलिश करणाऱ्या मिस्त्रींनी मनापासून सांगितले. दार उभे राहिले तेव्हा मात्र ते जुन्या दाराशेजारी पिवळसर आणि कोरे दिसू लागले. रंग गडद करण्यासाठी आणखी एक हात दिला, तर ते तांबूस झाले. लाकूड तेच, कारागीर अनुभवी, पॉलिश चांगले, आणि तरीही दोन दारे एका घरातली वाटेनात.

उलगडा झाला तो बाहेरच्या दारावरची नावाची पितळी पाटी घासण्यासाठी काढली तेव्हा. पाटीखाली तिच्याच मापाचा एक फिकट, किंचित हिरवट छटेचा पिवळा आयत होता. भोवतालचे दार मधासारखे गडद तपकिरी, आणि त्या आयताचा रंग मात्र आमच्या नव्या दाराच्या पॉलिशपूर्वीच्या रंगाच्या बराच जवळचा. म्हणजे जुने दारही एकेकाळी नव्यासारखेच दिसत होते. मधल्या काळात त्याचे काय झाले हे नीट समजले, तर रंग जुळवण्याचा अर्धा प्रश्न सुटतो.

लाकडाचा रंग बदलतो तो का?

कपाटाच्या फळीवर आपण वर्तमानपत्र अंथरतो. वर्षभराने ते काढले, तर डब्यांखाली झाकलेला भाग पांढुरका राहिलेला असतो आणि उजेड लागलेली कड पिवळी पडलेली असते. हा कागद लाकडाच्या लगद्यापासून बनतो आणि त्यात लिग्निन नावाचा पदार्थ राहिलेला असतो. लिग्निन म्हणजे लाकडाचे तंतू एकमेकांना घट्ट धरून ठेवणारा नैसर्गिक चिकट घटक. लाकडाच्या वजनात त्याचा वाटा साधारण २० ते ३० टक्के असतो. प्रकाश, विशेषतः अतिनील किरण, लिग्निन शोषून घेते, हवेतल्या प्राणवायूशी त्याची प्रक्रिया होते आणि पिवळ्या-तपकिरी रंगाची संयुगे तयार होतात. कागद पिवळा पडण्यामागे आणि दार गडद होण्यामागे हीच मुख्य क्रिया आहे. खिडकीची काच अतिनील किरणांचा फक्त काही भाग अडवते, त्यामुळे घरातली दारेही यातून सुटत नाहीत.

लाकडात लिग्निनखेरीज त्या-त्या झाडाची स्वतःची रंगद्रव्ये, तेले आणि टॅनिन नावाची तुरट द्रव्ये असतात, आणि म्हणून प्रत्येक जातीचे वय वेगळ्या रंगाने दिसते. ताजा कापलेला साग हिरवट-पिवळा असतो, त्यावर गडद पट्टे आणि डाग दिसतात. उजेड लागला की काही दिवसांत ते डाग विरतात आणि लाकूड एकसारखे सोनेरी तपकिरी होऊ लागते. कोकणात आणि गोव्यात दारांसाठी फणसाचे लाकूड वापरत आले आहेत. ते ताजे असताना जवळजवळ हळदीसारखे पिवळे असते आणि वर्षांनुवर्षे मुरत लालसर तपकिरी होते. फणसाच्या जुन्या दाराशेजारी फणसाचेच नवे दार बसवणाऱ्याला म्हणूनच सर्वांत मोठा धक्का बसतो. उलट अक्रोडासारखी काही लाकडे प्रकाशात फिकी पडतात.

हा बदल बहुतांशी पृष्ठभागापुरता असतो. अतिनील किरण लाकडात मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याइतकेही खोल जात नाहीत, आणि डोळ्यांना दिसणारा प्रकाशही मिलिमीटरच्या पाव भागाच्या आतच अडतो. चाळीस वर्षे जमलेला रंग रंध्याच्या दोन-तीन हातांत खाली उतरतो तो यामुळेच. जुन्या लाकडातून नवे दार करून घेतले तर रंग आपोआप जुळेल, ही आशाही यामुळेच फोल ठरते, कारण रंधा फिरला की जुने लाकूडही बरेचसे नवे दिसू लागते.

जुन्या दारावर आपण नेमके काय पाहतो?

आपल्याला दिसणारा रंग एकट्या लाकडाचा नसतो. लाकडावर पॉलिशचा पारदर्शक थर असतो, आणि त्या थरालाही वय असते. १९८० च्या दशकातल्या बहुतेक घरांत फ्रेंच पॉलिश होत असे. चपडा लाख, म्हणजे लाखेच्या किड्यापासून मिळणाऱ्या राळेचे पातळ पापुद्रे, स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने हातावर हात चढवत हे पॉलिश करतात. चपड्याचा मूळ रंगच नारिंगी-पिवळा असतो. दर काही वर्षांनी त्यावर पुन्हा हात मारला गेला असेल, तर आज आपण ते लाकूड मधाच्या जाड थरातून पाहत असतो. जवसाचे तेल लावले असेल तर तेही कालांतराने पिवळे पडते, आणि उजेडापेक्षा अंधारात जास्त पडते. याउलट आजची पाण्यातली अ‍ॅक्रिलिक पॉलिशे किंवा न पिवळणारे पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश हे जवळजवळ स्वच्छ काचेसारखे असतात. नव्या दारावर काच आणि जुन्यावर मध असेल, तर खालचे लाकूड हुबेहूब जुळले तरी दारे जुळणार नाहीत.

तिसरा थर वापराचा. कडीच्या भोवती, जिथे रोज हात लागतो, तिथे वीतभर भाग काळपट आणि गुळगुळीत झालेला असतो, आणि देवघराजवळच्या दारावर उदबत्तीच्या धुराची झाक असते. गॅलरीच्या ज्या दारावर रोज दुपारचे ऊन येते, ते मात्र घरातल्या इतर दारांपेक्षा फिके पडलेले असते, कारण सतत कडक उन्हात पॉलिश आणि लाकडाचा रंग दोन्ही विटतात. तेव्हा ‘जुन्या दारांचा रंग’ असा एकच रंग घरात नसतो. नवे दार ज्या दाराच्या शेजारी कायम दिसणार आहे, तेवढेच एक दार नमुना म्हणून ठरवावे, आणि रंग पाहण्यापूर्वी ते सौम्य साबणाच्या पाण्यात घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसून कोरडे करावे. हे केले नाही तर आपण कसोशीने मळाशी रंग जुळवतो, आणि पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत तो मळ निघून जातो.

जुने पॉलिश कोणते, हेही ओळखता येते. दाराच्या वरच्या कडेवर, जिथे नजर जात नाही तिथे, स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस हलकेच टेकवावा. थर चिकट झाला आणि कापसाला पिवळी झाक आली तर ते लाखेचे पॉलिश असते; मेलामाइन किंवा पीयू असेल तर स्पिरिटचा फारसा परिणाम होत नाही.

सागवान सगळे सारखेच नाही का?

दुकानात ‘सागवान’ या एकाच नावाखाली बरेच काही मिळते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांतला साग, ज्याला बाजारात आजही जुन्या मध्य प्रांताच्या (सेंट्रल प्रॉव्हिन्सेस) नावावरून सीपी साग म्हणतात, म्यानमारमधला बर्मा साग, आणि आफ्रिका व लॅटिन अमेरिकेतल्या लागवडींमधून येणारा साग यांच्या रंगात आणि रेषांत फरक असतो. लागवडीतली झाडे बहुधा कमी वयात तोडतात, त्यामुळे त्यांत गाभ्याचे गडद लाकूड कमी आणि सालीलगतचे पांढुरके लाकूड जास्त निघते. या पांढुरक्या लाकडात गाभ्यातली रंगद्रव्ये नसतातच, म्हणून ते कितीही वर्षे उजेडात ठेवले तरी गाभ्यासारखे मुरत नाही. अशी पट्टी दाराच्या उभ्या चौकटीत आली, तर पॉलिशनंतर ती कायम डोळ्यांत खुपते. रंगाचा पहिला निर्णय म्हणून वखारीतच होतो: जुन्या दाराचा मोबाइलवरचा फोटो घेऊन न जाता, शक्य असेल तर जुन्या लाकडाचा एखादा तुकडा, काढलेली पट्टी किंवा ड्रॉवरची फळी सोबत न्यावी आणि पट्ट्या एकेक करून निवडाव्यात. रंगापेक्षाही रेषांची दाटी जुळवण्याकडे अधिक लक्ष द्यावे, असे माझे मत आहे. रंग नंतर चढवता येतो, रेषा चढवता येत नाहीत.

दुकानात जुळलेला रंग घरी का बिघडतो?

साडीवर ब्लाउजपीस घेताना आपण कापड दुकानाच्या दारापर्यंत नेऊन उजेडात पाहतो. आईने शिकवलेल्या या सवयीमागे रंगशास्त्रातला एक नियम आहे. दोन वस्तू एका दिव्याखाली एकाच रंगाच्या दिसतात आणि दुसऱ्या दिव्याखाली वेगळ्या. याला मेटॅमेरिझम म्हणतात. जुन्या दाराचा तपकिरी रंग लिग्निन आणि लाखेने घडवलेला असतो, नव्या दाराचा तपकिरी रंग डब्यातल्या रंगद्रव्यांनी. दोघांची प्रकाश परतवण्याची रीत निराळी असल्याने दिवा बदलला की जुळणी मोडते. घरातले पिवळसर एलईडी दिवे साधारण २७०० ते ३००० केल्विनचे असतात आणि ‘कूल डेलाइट’ म्हणून विकले जाणारे पांढरे दिवे ६५०० केल्विनचे. पहिल्यात तांबूसपणा खुलतो, दुसऱ्यात हिरवट-राखाडी छटा वर येते. आमचे दार मिस्त्रींनी कार्यशाळेच्या पांढऱ्या दिव्याखाली जुळवले होते आणि ते आमच्या पिवळ्या दिव्याच्या बोळात तांबूस दिसले, यात त्यांच्या हाताचा दोष नव्हता. रंग दार जिथे लागणार तिथेच, सकाळच्या उजेडात आणि रात्रीच्या दिव्यात, असा दोनदा पाहावा.

नमुना हातात आडवा धरून पाहणे हीदेखील नेहमीची चूक आहे. लाकडाचे तंतू प्रकाश एका बाजूला जास्त परतवतात, त्यामुळे तीच फळी उलटी फिरवली तरी गडद किंवा फिकी भासते. म्हणून नमुना उभा आणि रेषा दाराच्या रेषांच्या दिशेने ठेवून पाहावा. चकाकीचाही विचार करावा लागतो. चकचकीत पृष्ठभागाखालचा रंग खोल आणि गडद वाटतो, तर मंद पृष्ठभागाखालचा तोच रंग धुरकट.

रंग नेमका कुठे चढवायचा?

लाकडाला रंग देण्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिला, द्रवात पूर्ण विरघळणारा रंग, ज्याला डाय म्हणतात. तो कापडावर सांडलेल्या हळदीच्या पाण्यासारखा तंतूंत उतरतो आणि रेषा झाकत नाही. दुसरा, न विरघळणाऱ्या बारीक कणांचा रंग, म्हणजे पिगमेंट. तो भिंतीवरच्या गेरूसारखा वर बसतो आणि सागाच्या उघड्या रंध्रांत साचून रेषा ठळक करतो. डाय पारदर्शक असतो, पण बहुतेक डाय उन्हात लवकर विटतात. गेरू, पिवळी माती आणि अंबर (गडद तपकिरी माती) यांसारखे मातीचे रंग वर्षानुवर्षे टिकतात, पण जास्त झाले तर लाकूड रंगवल्यासारखे मठ्ठ दिसते. दारासाठी मी मातीच्या रंगांवर मुख्य भिस्त ठेवीन आणि डायचा उपयोग फक्त छटा सुधारण्यापुरता करीन.

तिसरा मार्ग रसायनाचा. हिरडा आणि हिराकस एकत्र केले की काळी शाई होते, हे आपल्याकडे पिढ्यानपिढ्या माहीत आहे. हिरड्यातले टॅनिन आणि हिराकशीतले लोह यांच्या संयोगाने तो काळा रंग बनतो. ज्या लाकडात टॅनिन भरपूर असते ते लोहाच्या द्रावणाने असेच क्षणात जुने दिसते. पण टॅनिन प्रत्येक फळीत सारखे नसते, दार ठिकठिकाणी काळेनिळे होते आणि झालेला रंग सहजी परतवता येत नाही. सागाच्या दारावर हा प्रयोग करू नये.

रंगाची जागा कुठली, हा प्रश्न रंग कोणता याइतकाच महत्त्वाचा आहे. जुन्या दारातला पिवळेपणा लाकडापेक्षा पॉलिशच्या थरात जास्त असेल, तर नव्या दारातही तो थरातच यायला हवा. म्हणून लाकडावर हलका रंग, त्यावर चपड्याचा एक-दोन हात, आणि टिकाऊपणासाठी शेवटी मंद चकाकीचे स्वच्छ पॉलिश, असा क्रम जुन्याच्या घडणीशी मिळताजुळता ठरतो. काही पीयू लाखेवर नीट धरत नाहीत, तेव्हा हा क्रम आधी तुकड्यावर करून पाहावा. पहिला रंग सीलर लावण्यापूर्वीच द्यावा लागतो, कारण सीलरने रंध्रे बंद झाली की रंग आत शिरत नाही. आमच्या दाराचे नेमके हेच झाले होते: दुसऱ्यांदा दिलेला गडद रंग सीलरवर बसला, रेषा झाकल्या गेल्या आणि उरला तो तांबूस पापुद्रा.

तुकड्यावरचा नमुना

शेवटी ते पॉलिश काढून पुन्हा सुरुवात केली, तेव्हा मिस्त्रींनी आणि मी चार दिवस फक्त नमुन्यांवर घालवले. त्याच दाराच्या लाकडातून उरलेले हातभर लांबीचे सहा तुकडे घेतले. दार १८० नंबरच्या काचकागदाने घासायचे होते, म्हणून तुकडेही त्याच नंबरने घासले. भरड घासलेले लाकूड रंग जास्त पिते आणि बारीक घासलेले कमी, त्यामुळे नमुना गुळगुळीत आणि दार भरड असेल तर मोजून बनवलेला रंगही फसतो. तुकडा ओल्या फडक्याने पुसला की नुसत्या स्वच्छ पॉलिशखाली तो साधारण कसा दिसेल हे कळते. आमचा तुकडा ओला असताना जुन्या दाराहून दोन पायऱ्या फिका आणि हिरवट दिसला, म्हणजे त्याला थोडा गडदपणा आणि थोडा लाल हवा होता.

मग प्रत्येक तुकड्याच्या मागे पेन्सिलीने प्रमाण लिहीत गेलो: इतके मिलिलिटर द्रव, इतके चमचे अंबर, चिमूटभर गेरू. आधी गडद-फिकेपणा जुळवला आणि मगच छटेकडे वळलो, कारण गडदपणा चुकलेला असताना डोळा छटेविषयी हमखास फसवतो. एक तुकडा फार लाल झाला, तेव्हा त्यात आणखी पिवळा घालण्याऐवजी मिस्त्रींनी काडीच्या टोकावर हिरवा रंग घेऊन मिसळला आणि लाली लगेच दबली. रंगचक्रात लालासमोर हिरवा येतो, त्याचा हा उपयोग. प्रत्येक तुकड्यावर शेवटच्या हातापर्यंतचे सगळे पॉलिश केले, मात्र दर थराला एका टोकाची दोन बोटे जागा सोडत गेलो, त्यामुळे कुठल्या थराने किती फरक पडला हे त्या पायऱ्यांवर स्पष्ट दिसत होते. ओला रंग पाहून निर्णय घेतला नाही. वाळल्यावर रंग फिका होतो, आणि पॉलिश चढल्यावर पुन्हा गडद.

या कामात स्पिरिट, थिनर आणि तेल हाताळावे लागते, म्हणून स्वयंपाकाच्या गॅसपासून दूर, खिडक्या उघड्या ठेवूनच ते करावे. जवसाच्या तेलाची फडकी बोळा करून टाकू नयेत. वाळताना ती आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. ती सुटी पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

रंगाच्या दुकानातले यंत्र हे काम करून देणार नाही का, असे अनेकजण विचारतात. यंत्र भिंतीच्या अपारदर्शक रंगासाठी उत्तम आहे, कारण तिथे एकच रंग मोजायचा असतो. लाकडाच्या एका चौरस इंचात मात्र गडद रेषा, फिके पट्टे आणि रंध्रांच्या सावल्या एकत्र असतात. यंत्र त्यांची सरासरी देते, आणि सरासरीचा रंग दाराला पुठ्ठ्यासारखा सपाट करतो.

मग जुनी दारेच घासून सगळी नवी का करू नयेत? दारे भरीव लाकडाची असतील आणि पॉलिश तसेही खराब झाले असेल तर तसे करता येते, पण त्यात चाळीस वर्षांचा मुरलेला रंग धूळ होऊन जातो आणि तो कुठल्याही डब्यातून परत मिळत नाही. प्लायवर सागाचा पापुद्रा चिकटवलेली दारे असतील तर धोका मोठा आहे, कारण तो पापुद्रा बहुधा अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ असतो आणि यंत्राने घासताना क्षणात फाटतो. मला स्वतःला नव्याला जुन्यापर्यंत नेण्याचे कष्ट नेहमी योग्य वाटतात.

पॉलिशपूर्वी नवे दार उन्हात ठेवण्याची युक्ती खरी आहे. काही दिवसांच्या उजेडाने सागाचे हिरवट डाग विरतात आणि पुढचे काम सोपे होते. मात्र दार दोन्ही बाजूंनी सारखे तापेल असे रोज पलटावे, कडक उन्हात एकाच अंगावर सोडू नये, नाहीतर ते पिळते. त्यावर काहीही टेकवू नये, कारण दोरीचीसुद्धा फिकी खूण उमटते.

काळाने दोन्ही दारे आपोआप एक होतील का? काही प्रमाणात होतील. नव्या लाकडाचा बदल पहिल्या वर्षात वेगाने होतो आणि मग मंदावतो, तर जुने जवळजवळ थांबलेले असते. म्हणूनच आज हुबेहूब जुळवलेले दार दोन वर्षांनी जुन्याहून गडद दिसू शकते. आम्ही सहापैकी बरोबर जुळणारा तुकडा न निवडता त्याच्या अलीकडचा, केसभर फिका तुकडा निवडला. रंग वाढवता येतो, पण लाकडात उतरलेला रंग काढायला पुन्हा घासावे लागते.

वाड्यांची आणि देवळांची दारे

जुन्या वाड्याच्या दाराची एखादी फळी किडली म्हणून बदलायची असेल, तर ध्येय थोडे वेगळे असावे. वास्तूंच्या जतनासाठी १९६४ साली व्हेनिस येथे जी सनद संमत झाली, तिच्या बाराव्या कलमात म्हटले आहे की, नव्याने बसवलेले भाग संपूर्ण रचनेशी सुसंगत दिसावेत, पण मूळ भागांपासून ते वेगळे ओळखताही यावेत. चौकात उभे राहिल्यावर फळी वेगळी दिसू नये आणि हातभर अंतरावर आल्यावर ती नवी आहे हे कळावे, इतपत रंग अशा ठिकाणी पुरेसा आहे. खोटे ओरखडे, काजळी फासून आणलेले वय आणि कृत्रिम कीडछिद्रे यांची तिथे गरज नाही. पुढच्या पिढीतल्या अभ्यासकाला मूळ लाकूड कोणते हे ओळखता आले पाहिजे. आपल्या गावोगावच्या देवळांत जीर्णोद्धाराच्या वेळी जुनी कोरीव दारे सरसकट घासून एकाच चकचकीत रंगात बुडवली जातात, ते पाहून फार वाईट वाटते.

दार बसल्यावर

पाठीमागे प्रमाण लिहिलेला निवडलेला तुकडा आणि उरलेला रंग घट्ट झाकणाच्या बाटलीत घालून आम्ही माळ्यावर ठेवला आहे, कारण दाराला ओरखडा गेला तर तोच रंग पुन्हा लागेल. नव्या दाराला पहिले वर्षभर काहीही अडकवलेले नाही. दिनदर्शिका, खुंटीची पट्टी, मुलांची चित्रे, सगळे दुसरीकडे आहे, म्हणजे दार सगळीकडून सारखे मुरेल. बाहेरच्या जुन्या दारावरची पितळी पाटी मात्र घासून पुन्हा तिच्याच जागी, त्याच चार स्क्रूंवर बसवली आहे. ती बोटभर जरी सरकली, तरी तो फिकट आयत उघडा पडेल.